पानांचं सरण

आमच्या गावात कुठल्याही घरची बाई गेली, की पहिला निरोप माझ्या मायकडे यायचा. गाव कारंज्यापासून थोडं आत, महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज येतो इतक्या अंतरावर. गेलेल्या बाईला आंघोळ घालायचं काम मायचं. कुणी तिला नेमलं नव्हतं. आधी सासूला घातली, मग शेजारणीला, आणि मग गावानंच ते ठरवून टाकलं. विहाराकडच्या वस्तीतूनही तिला बोलावणं यायचं. तिथं नंतरची वंदना वेगळी, आमच्याकडचे विधी वेगळे, पण माय दोन्हीकडे त्याच हातांनी आणि त्याच तोंडानं काम करायची. तोंड सारखं चालू असायचं. "हात उचल वं जरा. हां. आता कूस बदल," असं ती गेलेल्या बाईशी बोलत राहायची.

तिचे नियम पक्के होते. पाणी कोमटच हवं. कुणी म्हणालं, आता कोमट काय नि गार काय, तर ती फाडकन विचारायची, "तुले कार्तिकात थंड्या पान्यानं धुतलं तं चालन काय?" चार बायांनी चारी बाजूंनी लुगडी धरायची, आत फक्त ती आणि एखादी मदतीला. अंग कुणाला दिसता कामा नये. आणि तिथं जे दिसलं, ते बाहेर बोलायचं नाही. शेवटच्या नियमापुढे तर तिनं देवाचीही भीड धरली नसती.

शाळेत एका मुलीनं माझ्या डब्यातली भाकर नाकारली होती, तुझ्या मायचे हात मुडद्याचे म्हणून. मी तिची वेणी धरून तिला मैदानात लोळवलं. मास्तरांनी मला छड्या मारल्या त्या मारल्याच, घरी मायनंही दिल्या. मला मात्र तेव्हाही पश्चात्ताप झाला नव्हता आणि आज साठीला टेकल्यावरही होत नाही.

पुढे मी शिक्षिका झाले, लग्न होऊन पिपरी मेघेला राहायला आले. काही वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माय माझ्याकडे आली. दवाखान्यात देहदानाचा एक फलक होता. पट्टी काढलेल्या नव्या डोळ्यांनी तिनं तो बराच वेळ न्याहाळला आणि मला वाचून दाखवायला लावला.

"तिथं का करतेत त्या देहाचं?"

"डॉक्टर होणारी पोरं शिकतात त्याच्यावर."

"पोरीबी?"

"पोरीबी."

दुसऱ्या दिवशी चहा घेताना तिनं मला एका बाईची गोष्ट सांगितली. तिनं स्वतःचा नियम मोडलेला मी पाहिलेला तो एकच प्रसंग. कुणाला सांगायचं नाही, असं वचन घेतलं आणि म्हणाली, "मले देऊन टाक त्या पोरींले."

माय काही नास्तिक नव्हती. एकादशी तिनं कधी चुकवली नाही. म्हणून मी मुद्दाम टोचलं, "अन् अग्नी नाई देल्ला तं आत्मा भटकते म्हणतेत, त्याचं काय?"

"इतक्या बायांले धुतलं म्या," ती म्हणाली. "मी पोचाच्या आधीच गेलेला राह्यते तो. आपल्या लाकडाची वाट पाहत बसत नाई."

फॉर्म भरला. साक्षीदार म्हणून मी सही केली. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, सांगायचं मायनं माझ्यावर सोपवलं आणि मी ते आज-उद्या करत टाळत राहिले. दादा शेती बघणारा, गावात राहणारा, मनानं सोनं पण डोक्यानं बाभळीचं लाकूड. त्याच्याशी भांडायचा मला कंटाळा आला होता. ही चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

माय गेली ती कापूस वेचणीच्या दिवसांत, सकाळी चहा पिऊन, भिंतीला टेकून बसल्या बसल्या. मी दोन तासांत गावी पोचले तेव्हा डॉक्टरांचा दाखला झाला होता, अंगणात बांबू येऊन पडले होते आणि भाऊकीतले पुरुष नदीकाठी सरण रचूनसुद्धा आले होते. मी सगळ्यांसमोर पिशवीतून फॉर्म काढला.

मग काका उठले. माझ्या वडलांचे धाकटे भाऊ, भाऊकीत आता सगळ्यात वडील. "रचलेलं सरण रिकामं ठेवत नाई, बाई," ते म्हणाले. "ते दुसऱ्याले बोलावते. तुले शहरात नाई समजत."

काकांशी मी भांडले असते. पण अडचण दादाची होती. फॉर्म कितीही आधी भरलेला असो, त्या दिवशी मुलाची संमती लागते. मुलगा नाही म्हणाला तर मेडिकल कॉलेज देह घेत नाही. आणि वेळ थोडा होता, दुपार टळायच्या आत तिला तिथं पोचवायला हवं होतं.

मी त्याला मागच्या गोठ्यात नेलं. तो रडून लाल झाला होता. मला वाटलं आत्मा, मोक्ष, लोक काय म्हणतील हे सगळं निघेल, आणि त्याची उत्तरं मी गाडीत बसून तयार केली होती. त्यानं त्यातलं काहीच काढलं नाही.

"तिनं जन्मभर डोक्शावरचा पदर खाली पडू नाई देल्ला," तो म्हणाला. "गावातल्या हरेक बाईले झाकलं तिनं. अन् मी तिले पोट्ट्यांसमोर उघडं टाकू? तुले सही करताना लाज काऊन नाई वाटली?"

मी इतकी वर्षं पोरांना शिकवलं, पण हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. दादा बरोबर बोलत होता. तेव्हा मी मायला दिलेलं वचन मोडलं.

दादा जन्मला तेव्हा माय महिनाभर तापानं फणफणलेली होती. त्याला अंगावर पाजलं ते काकूनं, म्हणजे याच काकांच्या बायकोनं, तिची स्वतःची मुलगीही तेव्हा तान्हीच होती. ही काकू पुढे झिजून झिजून गेली. काय झालं होतं ते कुणालाच कळलं नाही, अंगात कडकी, म्हणजे उष्णता, आहे म्हणायचे सगळे. तिला आंघोळ घालताना मायनं चोळीची गाठ सोडली आणि तिला दिसलं. छातीवर लिंबाएवढी गाठ, फुटलेली, वर हळदीचा जुना लेप. कैक महिने काकूनं ती पदराखाली झाकून ठेवली होती. नवऱ्याला दाखवली नाही, डॉक्टरला नाही, जावेलाही नाही. लाजेपायी.

"माय म्हणाली, म्या पाह्यलं, पन कवा? धुताना," मी दादाला सांगितलं. "ज्यांले समजते त्यांनी आधी पाह्यलं पाह्यजे. त्या पोरींले बाईचं अंग पाहाची सवय लागू दे, अन् बायांले दाखवाची. म्हणून तिनं सोताले देल्लं, दादा. मी नाई नेऊन राह्यली तिले. ती जाऊन राह्यली."

तो गाईच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मग त्यानं गमछ्यानं तोंड पुसलं आणि पेन मागितलं.

मायला आंघोळ मी घातली. कोमट पाण्यानं. लुगडी धरायला चारऐवजी अकरा बाया उभ्या राहिल्या, दोघी विहाराकडच्या, काही तशाच कापसाच्या ओट्या बांधलेल्या, वावरातून धावत आलेल्या. तिच्याशी बोलायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं. "हात उचल वं काकी," म्हणाल्या. गावातली बाई इतक्या मानानं गेलेली मी तरी पाहिली नाही, आणि हे मी तिची मुलगी म्हणून सांगत नाही. बरं, मुलगी म्हणूनच सांगते.

सरणाचा पेच दादानंच सोडवला. आमच्या गावात कुणी पुरात वाहून गेलं आणि देह सापडला नाही, तर पळसाच्या पानांचं माणूस करून त्याला अग्नी देतात. दादानं भाऊकीला तेवढंच सांगितलं, "पानं तोडून आना. सरन रिकामं नाई राहनार." काका काही बोलणार होते, पण दादाचा चेहरा बघून बसले.

कॉलेजात आमचं सगळं नीट झालं. एका तरुण डॉक्टर मुलीनं पुढे येऊन मायच्या पायांना हात लावून नमस्कार केला. दादा तिच्याकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "आमची माय लय बोलकी होती, बाई. तुमीबी बोलजा तिच्याशी." ती मुलगी हो म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी दादाचा हात धरला, जो मी शाळेत असताना शेवटचा धरला असेल.

परत आलो तेव्हा दिवस कलला होता. मी घरी न जाता सरळ नदीकाठी गेले. बायकांनी यायचं नसतं, पण त्या दिवशी मला अडवायची कुणाची छाती नव्हती. सरणावर पळसाच्या पानांची माय निजली होती, हात, पाय, सगळं दोऱ्यानं नीट बांधलेलं, वर तिचंच लुगडं. दादानं अग्नी दिला. पानं चरचर वाजली आणि बघता बघता संपली, मागे नुसती लाकडं जळत राहिली.

आणि मग कुणालाच काही सुचेना. आमच्याकडे कवटी फुटल्याचा आवाज येईपर्यंत थांबतात आणि मग मागे न बघता घरी जातात. पानांच्या देहाला डोकं म्हणून नारळ ठेवायचा असतो. घाईत तो ठेवायचंच राहून गेलं होतं. फुटणार काय? चाळीसेक माणसं जाळाकडे बघत तशीच उभी. कुणी पाय बदलतंय, कुणी खोकतंय.

शेवटी काकाच म्हणाले, "आता कवा निघाचं रे?"

दादा पुढे झाला. चार माणसांत कधी न बोललेला माणूस तो, ग्रामसभेतही मागे बसणारा.

"निघा आताच," तो म्हणाला. "घरी जा अन् आपापल्या बायांले इचारा, अंगाले कुठी गाठ-गिठ हाये काय. लाजून राह्यल्या तं दुसऱ्यांदा इचारा. माह्या मायनं इतक्याचसाठी हे केलं."

इतकी पुरुषमाणसं, आणि एकही हसला नाही. एकेक करून निघाले. माझा ऊर भरून आला होता, मायच्या अभिमानानं आणि तितक्याच दादाच्या.

काका मात्र निघाले नाहीत. ते माझ्याजवळ आले, काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले आणि जाळाकडे बघत म्हणाले, "तुह्या काकूले काय झालं होतं, मले सांग."

मी त्यांना सगळं सांगितलं.