बायकोच्या कॉम्प्युटरची तीन कोटेशनं

मी एका सरकारी ऑफिसच्या खरेदी शाखेत आहे. हे वाक्य मी लग्नकार्यात जरा मोठ्यानं बोलतो, कारण ऐकणाऱ्याला वाटतं, या माणसाला वस्तूंमधलं कळतं. खरं म्हणजे आमच्या शाखेत वस्तूंमधलं काही कळावं लागत नाही, फायलीतलं कळावं लागतं. खुर्ची बसायला कशी आहे हे आम्ही बघत नाही. खुर्चीची तीन कोटेशनं आली का, ते बघतो. वीस वर्षं मी माणसांना अशाच खुर्च्यांवर बसवत आलो आणि कोणी पडलं नाही. पडलं असेल तर ती तक्रार दुसऱ्या शाखेत जाते.

एवढ्या तयारीनिशी मी बायकोसाठी कॉम्प्युटर निवडायला निघालो.

बायको नागपूरला शाळेत गणित शिकवायची. नऊ वर्षांपूर्वी माझी बदली रायपूरला झाली, तिनं शाळा सोडली आणि शंकर नगरच्या दोन खोल्या-हॉलमध्ये आमचं बिऱ्हाड लागलं. इथं मराठीतून शिकवायची नोकरी मिळेना, आणि हिंदीतून गणित शिकवायला तिचं मन घेईना. आता नागपूरच्याच एका क्लासला दहावीच्या मुलांसाठी शिकवणारी हवी होती, घरून, इंटरनेटवरून. रविवारी सकाळी अकराला नमुन्याचा तास घ्यायचा. पसंत पडला तर रोज चार ते सहा. महिनाभर ती पोळ्या लाटतानासुद्धा तोंडातल्या तोंडात तास घेत होती.

मोबाइलवर तिनं करून पाहिलं होतं. फळा नखाएवढा दिसे आणि मोबाइल तव्यासारखा तापे. आमची मुलगी पुण्यात शिकते, घरात मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते. ती म्हणाली, "पापा, सिंपल है, लैपटॉप ले लो." बायको नको म्हणाली. एक तर वाकून तिची मान दुखते. दुसरं तिनं मला स्वयंपाकघरातून, माझ्याकडं न बघता सांगितलं.

"लॅपटॉप कोणीबी उचलून नेते. मले घरात एक जागा पाहिजे. तिथं बसली का मी कामावर गेली, असं."

इथंपर्यंत गोष्ट सरळ होती. स्वस्तातला, टेबलावरचा, एक कॉम्प्युटर. ती वाकडी करायला मी लागलो.

झालं असं, की त्याच आठवड्यात मराठी मंडळाच्या गणपतीत मला काका भेटले. काका म्हणजे ब्राह्मणपाऱ्यात कॉम्प्युटरचं दुकान चालवणारे वयस्कर गृहस्थ, तीन पिढ्यांपासून रायपूरचे. नऊ वर्षांपूर्वी आम्ही ट्रकभर सामान घेऊन आलो तेव्हा ठरलेल्या घरमालकानं आयत्या वेळी नाही म्हटलं होतं. आम्ही दोघं आणि शाळेत जाणारी आमची पोट्टी, सामान रस्त्यावर. तेव्हा या काकांनी आम्हाला आठ दिवस आपल्या घरी ठेवलं आणि आत्ताचं घर मिळवून दिलं. तेव्हापासून त्यांच्यासमोर माझ्या तोंडून 'नाही' हा शब्द निघत नाही. भीड म्हणतात ती हीच. ती एकदा बसली की कॉलरमागं बसते, मान हलवली तरी फक्त वरखाली हलते.

"कम्प्यूटर घेऊन राहिले म्हणे?" काकांनी प्रसादाचा द्रोण हातात देत विचारलं.

"हो काका."

"काय कामासाठी?"

आता इथं मी खरं सांगायला हवं होतं. पण आजूबाजूला मंडळातली चार माणसं होती, बायको नोकरी करणार म्हटलं की त्यांनी पुढचे दहा प्रश्न विचारले असते, आणि तास पसंत पडला नाही तर पुढच्या गणपतीत पुन्हा दहा. शिवाय, कबूलच करतो, मला स्वतःलाही ते काम तेवढंच वाटत होतं. मी म्हणालो, "काही नाही काका, घरगुती. साधं काम."

"मग आहे आपल्याकडे एक. मोठ्या कंपनीतून निघालेला, मी स्वतः साफ केला. कुठं जाऊ नका."

मान वरखाली हलली आणि मी म्हणालो, "हव."

घरी येताना स्कूटरवर मागं बसून बायको सांगत होती, की दोन-तीन दुकानं नीट बघू, घाई करायची नाही. मी पुढं तोंड करून त्यालाही हव म्हणालो. एका संध्याकाळी दोन हव, आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध. पण खरेदी शाखेचा माणूस अशा वेळी घाबरत नाही. आधी ठरलेल्या दुकानातून वस्तू घ्यायची आणि ती सगळी दुकानं बघून घेतली असं दिसायचं, यासाठीच तर आमची शाखा आहे.

मी बायकोला म्हणालो, आपण रीतसर करू. तुझी मागणी लेखी दे. ती हसली, पण मुलीच्या जुन्या वहीचं पान फाडून तिनं तिच्या फळ्यावरच्या गोल अक्षरात लिहून दिलं: 'मुलांना मी दिसले पाहिजे. माझा आवाज गेला पाहिजे. फळा मोठा दिसला पाहिजे.' मी ते पान फायलीला सहपत्र एक म्हणून लावलं आणि पुन्हा उघडून पाहिलं नाही. सहपत्रं कोण वाचतो?

मग मी वस्तूचं वर्णन तयार केलं, म्हणजे आमच्या आवक-जावक टेबलासाठी घेतलेल्या कॉम्प्युटरांचं वर्णन फायलीतून जसंच्या तसं उतरवलं. त्याला काकांच्या मशीनशी जुळतील अशा दोन अटी जोडल्या: कॅबिनेट उभं असावं आणि डीव्हीडी लावायची सोय असावी. आजकाल डीव्हीडीची सोय कोणी देत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आमच्याच भागातल्या एसी शोरूममध्ये गेलो, तर विकणारा मुलगा म्हणाला, "सर, दीदी के काम के लिए ये देखिए, कैमरा, माइक, वाई-फाई, सब इसी में है." पडद्यातच सगळा कॉम्प्युटर. भाव काकांच्या मशीनइतकाच, थोडा इकडे-तिकडे. बायकोनं पडद्यात स्वतःला बघून नकळत पदर नीट केला. मी विचारलं, डीव्हीडी? तो म्हणाला, नहीं सर. मी कागदावर फुली मारली. दुसरं कोटेशन इंटरनेटवरून काढलं आणि माल रविवारच्या आत येणार नाही म्हणून बाद केलं. तिसरं काकांचं. ते सगळ्या अटींत बसलं, बसणारच होतं.

"डीव्हीडी कशाला पाहिजे आपल्याला?" मी मांडलेल्या तुलनेच्या तक्त्यावर बोट ठेवून बायकोनं विचारलं.

हा प्रश्न ऑफिसात मला कोणी विचारत नाही. मी म्हणालो, "आपल्या लग्नाची आहे ना."

 संध्याकाळी बघतो तर कपाटातून ती डीव्हीडी काढून पदरानं पुसत बसली होती. मी तेव्हाच खरं सांगून टाकलं असतं तर हा लेख इथंच संपला असता.

शनिवारी रात्री दुकानं बंद झाल्यावर काका स्वतः ऑटोतून मशीन घेऊन आले. आतल्या खोलीत, खिडकीपाशी, बायकोनं टेबल मांडून ठेवलं होतं. मशीन सुरू झालं, छान चाललं. काका म्हणाले, इंटरनेटचं कसं आहे? मी घाईनं आहे म्हणालो, चहा पाजला आणि त्यांना दारापर्यंत पोचवून आलो. परत येतो तर बायको खुर्चीवर ताठ बसली होती.

"याच्यात वाय-फाय दिसत नाही."

"तार लावावी लागते," मी म्हणालो. ऑफिसात तारच असते.

"आणि कॅमेरा?"

मी पडद्याच्या वरच्या कडेला पाहिलं, खालच्या कडेला पाहिलं. मग मागं जाऊनही पाहिलं, गंभीर चेहऱ्यानं, जणू काही कंपन्या कॅमेरा भिंतीकडं तोंड करून बसवतात. माइकही नव्हता. मी म्हणालो, "आमच्याकडं कोणाच्याच कॉम्प्युटरला नसतो."

"तुमच्याकडं कोण शिकवते?"

मी फाइल मिटली.

रविवारी अकराला तास, आणि एसी शोरूम त्याआधी उघडत नाही. ते उघडतं अकराला. काकांचं दुकान रविवारी बंद. बायको म्हणाली, काकांना फोन करा, घरून काही सुचवतील. आता फोन करून काय सांगू? तुम्ही प्रेमानं दिलेलं मशीन कामाचं नाही? की तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोललो? मी मोबाइल घेऊन बाल्कनीत गेलो, कानाला लावला, समोरच्या कडुनिंबाकडं बघत दोन मिनिटं उभा राहिलो आणि आत येऊन म्हणालो, "लागत नाही."

फोन मी केलाच नव्हता.

तार मिळाली ती हातभर. राउटर हॉलमध्ये, बाहेरच्या दाराशी. म्हणून खिडकीपाशी मांडलेलं टेबल उचलून आम्ही फ्रिज आणि चपलांच्या मांडणीच्या मध्ये आणलं. फळा कॉम्प्युटरवरून दाखवायचा आणि चेहरा-आवाज मोबाइलवरून पाठवायचा, असं बायकोनंच शोधून काढलं. मोबाइल पडद्यामागं पुस्तकांच्या चळतीवर ठेवला, तो घसरला. डब्यांवर ठेवला, तोही घसरला. अकराला पाच मिनिटं असताना तिनं माझ्याकडं पाहिलं, उंची मोजल्यासारखं.

तर मी टेबल आणि भिंत यांच्या फटीत आडवा शिरलो, दोन्ही हात पडद्यावरून पुढं काढले आणि मोबाइल धरला. पुढं टेबल, मागं भिंत, डावीकडं फ्रिजचं गरम अंग, उजवीकडं चपला. बाहेर पडायला टेबल हलवावं लागणार, टेबल हलवलं की तार निघणार. चाळीस मिनिटं. शिंकायचं नाही, असं तिनं बजावून सांगितलं.

तास सुरू झाला. समरूप त्रिकोण. विजेच्या खांबाच्या सावलीवरून खांबाची उंची कशी काढायची ते ती विचारत होती. एका पोट्टीनं चुकीचं उत्तर दिलं, तर ती म्हणाली, चूक आहे पण रस्ता बरोबर आहे, त्याच रस्त्यानं परत ये. हा आवाज मी नऊ वर्षं ऐकला नव्हता. घरात ती मला अशी कधी परत बोलावत नाही. दंड भरून आले होते, फ्रिज पोटरी शेकत होता, आणि मला पहिल्यांदाच कळत होतं की या चाळीस मिनिटांत तिची नऊ वर्षं पणाला लागली आहेत आणि ती मी घामेजल्या हातांत धरून उभा आहे.

तेवढ्यात लोटलेलं दार उघडून काका आत आले. हातात पेरूंची पिशवी. मशीन कसं चाललं बघायला आले होते. मी त्यांना गप्प राहा म्हणून मान हलवली, तर मानेबरोबर हातही हलले. मोबाइलमधून क्लासच्या मॅडमचा आवाज आला, "मॅडम, तुमच्याकडं भूकंप होऊन राहिला का?"

मुलं हसली. बायकोनं वर न बघता म्हटलं, "नाही, स्टँड जुना आहे." मुलं अजून हसली, आणि ती त्याच सुरात पुढच्या गणिताकडं गेली.

काकांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा तारेकडं. पिशवी खाली ठेवली, चपलांच्या बाजूनं आले आणि तळवा माझ्या कोपराखाली लावून उभे राहिले. शेवटची पंधरा मिनिटं आम्ही दोघांनी मिळून तो मोबाइल धरला.

तास संपला. नंतर कळवतो, असं मॅडम म्हणाल्या. मी फटीतच होतो.

"फोन काहून नाही केला, भाऊ? मी तर घरीच होतो," काका म्हणाले.

"केला होता, लागला नाही म्हणे तुमचा," बायको म्हणाली.

काकांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा वर करून त्यात पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि तो परत खिशात ठेवला. "नाही लागत कधी कधी," ते म्हणाले. त्यांच्या उपकारांच्या यादीत हा दुसरा. पण बायको वीस मुलांची कॉपी एका नजरेत पकडणारी बाई आहे.

"शिकवायचं आहे म्हणून मले सांगितलं असतं ना बाई, तर हे मशीन मी दिलंच नसतं," काका अवघडून म्हणाले. "मी भाऊले विचारलं होतं. म्हणे घरगुती, साधं काम."

बायको उठली, आतून फाइल आणली आणि सहपत्र एक काढून काकांच्या हातात दिलं. काकांनी तीन ओळी वाचल्या. वाचायला वेळ लागला नाही.

"हे तर तुम्ही लिहूनच दिलं होतं," ते म्हणाले.

"हो," बायको म्हणाली. मग फटीकडं वळून, अगदी हळू आवाजात, "घरगुती साधं काम नऊ वर्षांपासून करूनच राहिली मी. हे ते नव्हतं."

 माझ्या फटीत बोलायची जागाच नव्हती.

पेरू कापले जात असतानाच मॅडमचा फोन आला. शिकवणं पसंत होतं. उद्यापासूनच सुरू करा म्हणाल्या, फक्त कॅमेरा हलू देऊ नका. बायकोनं फोन ठेवला आणि पेरूची पहिली फोड स्वतः खाल्ली. काका खुलले. म्हणाले, माइकवाला कॅमेरा दुकानात पडलेलाच आहे, वाय-फायची कांडीसुद्धा आहे, ती मागं खोचली की टेबल पुन्हा खिडकीपाशी नेता येईल. उद्या सकाळी नऊलाच आणून लावून देतो.

"सकाळी कशाला धावपळ करता काका," बायको म्हणाली. "दुकान बंद करून सावकाश या, रात्री. उद्या चार ते सहा हे आहेत ना."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना माझी कीव आली असावी, पण त्यांनाही तिच्यापुढं नाही म्हणता आलं नाही.

सोमवारी ऑफिसात मी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात सवयीनं 'घरगुती काम' लिहून झालं होतं. ते खोडलं आणि लिहिलं: पत्नीच्या कामावर हजर राहणे. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "वहाँ आप क्या करेंगे?"

मी म्हणालो, उभा राहीन.