न्हाणीघरातली दांडी

बाळांनो, न्हाणीघरात माझा पाय घसरला. पडले नाही, पण फोनवर तुमच्या बाबांना बोलून गेले. तेव्हापासून त्यांचं एकच: धरायला भिंतीला दांडी बसव, नाहीतर जानेफळचं घर बंद करून आमच्याकडे ये. बॅटरीवरचं ड्रिल मशीनही त्यांनीच पाठवलं. मी माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचली, सांगितली तशी बॅटरी चार्ज केली आणि शेजारी राहणाऱ्या, बाबांच्या वर्गमित्राला हाक मारली.

दोन भोकं झाली. तिसऱ्याला मशीन घरघरलं, जळका वास आला आणि सगळं शांत.

"काकू, हे तं गेलं."

"अरे, नवं कोरं आहे!"

"म्हणूनच गेलं. काकांचं मशीन काकांसारखंच होतं. जड, लवकर तापे, पण काम झाल्याबिगर थांबे नाही."

मेहकरच्या दुकानदाराने बॅटरीवरचं मशीन हातातही घेतलं नाही. "याले कोणी खोलत नाही मावशी. नवं घ्या."

तुमच्या आजोबांचं लोखंडी अंगाचं मशीन आतला झिजलेला कार्बनचा तुकडा बदलला की पुन्हा चाले. आमच्या आळीत तेवढं एकच होतं. न्यायला येणारा चहा पिऊन जाई, परत द्यायला आला की पुन्हा बसे. खंडेनवमीला ते पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायचो, आणि वर्षभरात ज्याने ज्याने नेलं तो झेंडूचं फूल घेऊन येई. आता त्याचे कार्बन मिळत नाहीत. घरोघरी स्वतःचं हलकं मशीन आहे, बहुतेक बंद पडलेलं. मागायला कोणी येत नाही. गेल्या खंडेनवमीला मी पाट मांडला, दार उघडं ठेवलं आणि संध्याकाळी पाट उचलला.

शेवटी बाबांचा मित्र छिन्नी-हातोडा घेऊन आला. त्याच्याही घरचं मशीन बंदच. सगळी दुपार तो ठोकत होता, भिंतीला शिव्या देत होता, मधेच शाळेतल्या गमती सांगत होता. मी दाराशी खुर्ची टाकून ऐकत होते. भोक लवकर होऊ नये असं मला वाटत होतं.

सिमेंट भरून तो म्हणाला, "सुकेपर्यंत हात नका लावू, काकू. मी येऊन पाहतो."

सिमेंट सुकलं. तो आला नाही. सोयाबीनची काढणी सुरू झाली होती. मग मीच दोन्ही हातांनी दांडी ओढून पाहिली. हलली नाही. बाबांना फोन करून सांगितलं, आता घर बंद करायला नको. "बरं झालं," ते म्हणाले, आणि त्यांना मीटिंग होती.

फोन ठेवून मी पुन्हा न्हाणीघरात गेले आणि थोडा वेळ दांडी धरून उभी राहिले.