अकोल्यात घालवलेला डाव

भूतबित, दैवी संकेत वगैरे मी कधीच मानलं नाही. मैत्रिणी असलं काही सांगायला लागल्या की त्यांची खेचायला मीच पुढे. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय... पण लिहिते.

मागच्या हिवाळ्यात अकोल्याला बुद्धिबळाची स्पर्धा होती. शेवटची फेरी, सकाळची. समोर बाळापूरचे वानखडे सर — शाळेत गणित शिकवतात, पटावर दयामाया नाही. डाव बरोबरीत सुटला तरी पहिला नंबर माझा होता. घरी अमरावतीला बाबा एकटे, इन्सुलिनवर. एरवी मी दर दोन तासांनी फोन करते, पण हॉलमध्ये शिरतानाच फोन बंद करून जमा करावे लागतात.

तीन तास झाले होते. घोडा मागे घेतला की बरोबरी, हे मला स्वच्छ दिसत होतं. हात उचलला... आणि कुणीतरी माझं मनगट धरलं. घट्ट, गरम पंजा. बाजूला कोणी नव्हतं. हात ओढला गेला आणि बोटं थेट राजावर टेकली.

हात लावला ते मोहरं चालवावंच लागतं. चालवलं. पाच मिनिटांत हरले.

सर बघतच राहिले. "काहून वं पोरी? तुहा हात तं घोड्याकडं चालला होता."

मला रडू येत होतं. फोन परत घेतला, बाबांना लावला. उचलला, पण नुसतं बरळत होते. शुगर उतरली, लगेच कळलं. आमची एक किल्ली शेजारच्या शोभाकाकूंकडे असते. त्यांना फोन केला. त्यांनी धावत जाऊन साखरपाणी पाजलं, ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. अजून तासभर मी पटावरच बसले असते तर... डॉक्टरही तेच म्हणाले.

संध्याकाळी पोचले तेव्हा काकू सांगत होत्या, "तुह्या बाबाची उजवी मूठ उघडतच नोती. मले वाटलं, गोळी धरली असन. बोटं सोडवली तं आत काहीच नाई."

शुगर उतरल्यावर असं होऊ शकतं, डॉक्टरांनी समजावलं. माझ्या मनगटाचं मात्र त्यांनाही सांगता आलं नाही. मलाही आजवर कळलेलं नाही. जे कोणी होतं, त्याच्या मी पाया पडते.

बाबा आता ठणठणीत आहेत. रोज जेवताना टोचतात, "घोडा मांगं घ्याचा सोडून राजा कोन हालवते वं?"

मी निमूट ऐकून घेते. हे बोलणं मला रोज ऐकायला मिळो.