रेजिना सिस्टर काय विचारायच्या

दुपारच्या ड्युटीवर होते. एका आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग चालू असताना खिशातला फोन दोनदा थरथरला. पट्टी बांधून झाली, हातमोजे काढले आणि मग पाहिलं. रेजिना सिस्टरच्या भाचीचा, लोर्नाचा मेसेज होता... ‘आंटी गेली. जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.’ आजोबांनी माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, “घरचं कोण गेलं काय गो?” मी नकारार्थी मान हलवली. रक्ताचं नातं नव्हतं. पण नर्सिंगचं प्रमाणपत्र मला कॉलेजने दिलं, आणि नर्स केलं ते रेजिना सिस्टरनी.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्या पायांवर सूज येऊ लागली होती. हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी लघवी साफ होण्याची गोळी दिली होती, तरी सूज उतरेना. डॉक्टर डोस वाढवायचं म्हणत होते. एका रविवारी मी परळच्या त्यांच्या चाळीत गेले, तर गोळ्यांची पाकिटं जवळजवळ भरलेली. तिसरा मजला, संडास गॅलरीच्या टोकाला, आणि तोही खाली बसायचा. मी सरळ विचारलं, “सिस्टर, लघवीला जायला त्रास होतो ना?” त्यांनी नजर भिंतीवरच्या येशूकडे वळवली. मग म्हणाल्या, “एकदा बसले ती उठताच येईना बाय. शेजारच्या सावंतांनी कडी तोडून बाहेर काढलं... गोळी टाळली आणि पाणी कमी प्यायलं की जावं लागत नाही.” चाळीस वर्षं लोकांची बेडपॅन काढलेली बाई, स्वतःसाठी कोणाला हाक मारायला लाजत होती. पुढच्याच आठवड्यात मी आणि लोर्नाने कमोडची खुर्ची आणली. गोळी तीच, डोस तोच. पंधरा दिवसांत घोटे दिसायला लागले. त्यानंतरचे चार महिने त्या तहान लागेल तेव्हा, न घाबरता पाणी प्यायल्या, आणि ते मला फार मोठं वाटतं.

हे विचारायचं असतं, हे मला ठाऊक होतं ते त्यांच्यामुळेच. पंधराएक वर्षांपूर्वी मी घोडपदेवच्या एका दवाखान्यात त्यांच्या हाताखाली लागले. टीबीचे पेशंट दिवसाआड यायचे आणि आमच्यासमोर गोळ्या घ्यायचे. सुनंदा नावाची एक बाई होती, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी असेल. दुसऱ्यांदा औषध अर्धवट सोडून आली होती आणि पुन्हा दांड्या मारत होती. मी तेव्हा नवी, कडक इस्त्रीची. भरल्या बाकांसमोर तिला म्हटलं, “दोन लेकरं आहेत ना तुम्हाला? मग जगायचं नाहीये का?” तिने पदर तोंडावर धरून गोळ्या गिळल्या आणि निघून गेली. मी कार्डावर लिहिलं, ‘सूचना पाळत नाही.’

रेजिना सिस्टरनी ते वाचलं. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “रविवारी माझ्याबरोबर चल.”

सुनंदाच्या खोलीत सिस्टर जमिनीवर मांडी घालून बसल्या. चहा घेतला, पोरांची नावं विचारली. मग अगदी सहज एकेक विचारत गेल्या. किती वाजता उठतेस? नळाला पाणी कधी येतं? पहिला घास कधी पोटात जातो? सुनंदा गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये तीन घरची कामं करायची. साडेसातला पहिल्या घरी हजर. दवाखाना नऊला उघडायचा. दिवसाआड उशीर होतो म्हणून एक काम आधीच सुटलं होतं.

“आणि कामावर लघवीला कुठे जातेस?”

सुनंदाने दाराकडे पाहिलं. नवरा बाहेर होता. मग खालच्या आवाजात म्हणाली, “घरातला बाथरूम वापरू देत नाहीत सिस्टर. बाविसाव्या माळ्यावरून खाली बेसमेंटला यायचं. कामवाल्यांची लिफ्ट एकच. म्हणून मी सकाळपासून पाणीच पीत नाही. उपाशीपोटी त्या गोळ्या घेतल्या की मळमळतं... एकदा तिथल्या सिंकमध्ये उलटी झाली. त्या बाईने दुसऱ्या दिवशी यायचं नाही म्हणून सांगितलं.”

माझे कान तापले. तिची माफी मागायला हवी होती, पण त्या दिवशी मला जमलं नाही. खाली उतरताना सिस्टर म्हणाल्या, “कार्डावर तू तिचा स्वभाव लिहिलास. आता तिचा दिवस लिही.”

दवाखाना लवकर उघडायचं म्हटल्यावर आमच्या डॉक्टरांनी हात वर केले. वेळ नऊचीच, कागदावर तसंच आहे. सिस्टर म्हणाल्या, “दवाखाना नऊलाच उघडा. मी फक्त खिडकी उघडते.” दुसऱ्या दिवसापासून त्या परळहून चालत सात वाजता यायच्या. सोबत उकडलेलं अंडं आणि पाव. सुनंदाने आधी खायचं, मग गोळ्या, मग भांडंभर पाणी. पहिला आठवडा मी कुरकुरले. दुसऱ्या आठवड्यात मीही सातला यायला लागले. महिन्याभरात त्या खिडकीशी सात-आठ बायका होत्या, आणि एका दुकानात हिशोबाच्या वहीशी वाकून काम करणारे एक मेहताजीही. एका सकाळी तिथेच मी सुनंदाची माफी मागितली. ती हसली. “राहू द्या ओ. अंडं गार होतंय.”

आठ महिन्यांनी तिच्या थुंकीचा रिपोर्ट साफ आला. मात्र टॉवरमधलं काही बदललं नाही. सिस्टर त्या सोसायटीच्या ऑफिसात तीनदा गेल्या, कामाला येणाऱ्या बायकांसाठी मजल्यावर संडास द्या म्हणून. तिसऱ्यांदा वॉचमनने गेटवरूनच परत पाठवलं. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. “गोळी मी देऊ शकते गं,” म्हणाल्या, “दार कुठून देऊ?”

शिवडीच्या दफनभूमीत त्यांना पोचवायला गेलो, तेव्हा सुनंदा आली होती. आता स्वतःचा पोळीभाजीचा स्टॉल चालवते. प्रार्थना चालू असताना काय करायचं तिला कळेना, म्हणून ती हात जोडून उभी राहिली आणि सगळ्यांचं “आमेन” झाल्यावर एकटीच उशिरा “आमेन” म्हणाली. लोर्नाने तिचा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही.

मागच्या आठवड्यात मुद्दाम सकाळी घोडपदेवला गेले. आता टीबीच्या गोळ्या घरी नेता येतात. तरी खिडकीशी कामावर निघालेल्या बायका उभ्या होत्या, कोणी बीपीसाठी, कोणी शुगरसाठी. आत एक तरुण सिस्टर, मला न ओळखणारी. मी विचारलं, “दवाखाना नऊचा ना? मग ही खिडकी आत्ता कशी उघडी?”

तिने वर न बघताच उत्तर दिलं, “ही सातलाच उघडते. पहिल्यापासून तसा नियम आहे.”

मी बरं म्हटलं, आणि रांगेतल्या बायकांना वाट देत बाजूला झाले.