मुलीला कॉलेजवाले बघायला आले तेव्हा

माझ्या मुलीचं नाक पहिल्यांदा फुटलं तेव्हा ती नववीत होती. पाण्यातच फुटलं. तिच्या तोंडाभोवतीचं पाणी गुलाबी झालं, शिट्टी वाजली, आणि जिने कोपर मारलं ती समोरच्या टीमची पोरगी दुसरीकडे बघत तरंगत राहिली. मी बाकांच्या सगळ्यात वरच्या रांगेत बसले होते. उठून उभी राहिले आणि परत खाली बसले. काय ओरडायचं आणि कुठल्या भाषेत, तेच कळेना.

खेळाचं नाव वॉटर पोलो. सात जणी इकडच्या, सात तिकडच्या. पोहण्याच्या तलावात, खोल पाण्यात, पाय टेकायचे नाहीत आणि चेंडू जाळ्यात मारायचा. वरून दिसतं ते एवढंच. पाण्याखाली काय चालतं ते मला तिच्या अंगावरून कळायचं. पोटऱ्यांवर लाथांचे निळे डाग, खांद्यांवर ओरखडे, बरगडीवर गुडघा बसल्याची खूण. मॅचच्या आधी पंच एकेकीचे हात उलटसुलट करून नखं बघायचा, तरी ओरखडे यायचेच. मी हळद घेऊन गेले की म्हणायची, "आई, नो! पिवळं दिसतं. मुली हसतात."

"आणि हे निळं दिसतं ते?"

"ते चालतं. ते सगळ्यांनाच असतं."

आम्ही तेव्हा अमेरिकेत, क्युपर्टिनोत राहायचो. माझे मिस्टर एका इंडियन हॉटेलात तंदूरवर होते. मी घरी पोळ्या करून कॉम्प्युटरवाल्यांच्या घरी द्यायची. ह्यांचा हात लवकर उठायचा. भाजी खारट झाली, फोन उशिरा उचलला, मुलीने इंग्रजीत उलट उत्तर दिलं, कशावरूनही. मुलगी मार खाऊन रडायची नाही. शाळेची कोचबाई मला एकदा म्हणाली, तुमची मुलगी फार टफ आहे, लागलं तरी रडत नाही. हे कुठे शिकली, ते तिने विचारलं नाही. मीही नुसती मान हलवली.

कॉलेजची फी आमच्या आवाक्यातली नव्हती. हे म्हणायचे, "बारावी झाली की हॉटेलच्या काउंटरवर उभी राहील. इंग्रजी येतं, मालक लगेच घेईल." मुलीला काहीही करून दूरच्या कॉलेजात जायचं होतं. तिने आम्हाला दोघांना जेवताना समजावून सांगितलं. चांगलं खेळणाऱ्या मुलांना कॉलेजं स्वतःहून घेतात, फी कमी करतात. त्यासाठी आपण खेळाची टेप पाठवायची, मार्क पाठवायचे. त्यांना आवडलं तर त्यांचा कोच मॅच बघायला येतो.

"पण अकरावी संपून जुलै येईपर्यंत तो आपल्याशी बोलू शकत नाही," ती म्हणाली. "हॅलो म्हणेल, बास. तुम्ही त्याच्याकडे जाऊ नका, बाबा."

"मुलगी बघायला येणार आणि तोंड उघडणार नाही? ही कुठली रीत?"

"रूल आहे. सगळ्याच कॉलेजांना."

"रूल आपल्यासारख्यांना. ज्याला माल पाहिजे तो भाव विचारतो. जो विचारत नाही त्याला नको असतो."

"बाबा, मी माल नाही."

ह्यांनी ताट भिंतीवर फेकलं. वरण खाली ओघळत होतं आणि ती तिथेच बसून पोळी संपवत होती.

अकरावीच्या वसंतात एका कॉलेजचा कोच आला. शनिवारची मॅच होती. उंच माणूस, डोक्याला टोपी, हातात पाण्याची बाटली, तलावाच्या कडेला एकटाच उभा. मुलीने पाण्यातून त्याला बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. ह्यांनी नेमकी त्या दिवशी सुट्टी घेतली होती. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा बॉक्स.

"अहो, बसा ना," मी म्हटलं.

"तू गप बस."

मुलीच्या पाठीवर त्या दिवशी एक दांडगी पोरगी होती. ती तिला खांद्याला धरून पाण्याखाली दाबायची, ही वर यायची, ती परत दाबायची. एकदा इतका वेळ वर आली नाही की माझी नखं तळहातात रुतली. वर आली ती तोंडातून रक्त घेऊनच. हे तोवर कोचपाशी पोचले होते. त्याने हसून हॅलो म्हटलं, बॉक्सला हाताने नको केलं आणि चार पावलं लांब गेला. हे मागे गेले. तो आणखी लांब गेला. बाकांवरची माणसं बघायला लागली. मग ह्यांनी बॉक्स खाली टाकला आणि त्याची कॉलर धरली.

"बोल ना! आम्ही कुत्रे आहोत का?" हे मराठीतच ओरडत होते. "पोरगी मरतेय तिकडे, तुला बोलायला काय झालं?"

बाकं कशी उतरले मला आठवत नाही. चारचौघांत मी कधी ह्यांच्या अंगाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी ह्यांचं मनगट धरलं आणि ओढलं. ह्यांनी हात झटकला तो माझ्या तोंडावर बसला. ओठ फाटला. मी ओल्या फरशीवर गुडघ्यांवर पडले आणि तिथून मला माझी मुलगी दिसली. ती आमच्याकडेच बघत होती. मधे फक्त पाणी होतं.

मला वाटलं ती आता बाहेर येणार. तशी बाहेर आली असती तर तिला खेळातून काढलं असतं, आणि कॉलेजचं तिथेच संपलं असतं.

ती वळली. पाठीवरच्या पोरीला तिने पाण्याखाली अशी लाथ मारली की ती कळवळून मागे गेली. हात वर करून चेंडू मागितला आणि जाळ्यात इतक्या जोरात मारला की गोलवालीने डोकं वाचवलं, गोल नाही. तोपर्यंत दोन माणसं ह्यांना दंडाला धरून दाराबाहेर नेत होती.

घरी आल्यावर ह्यांनी आम्हा दोघींना मारलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

जुलै लागला त्याच दिवशी फोन आला. मी पोळ्या लाटत होते. ती बराच वेळ "येस", "येस, कोच" म्हणत राहिली. फोन ठेवला आणि कपाटाच्या दारावर मूठ मारली. पातळ फळीत भोक पडलं.

"काय झालं? नको म्हणाला?"

"घेतोय. फी जवळजवळ सगळी माफ." ती मुठीवरचं रक्त चाटत होती. "म्हणतो, तुझ्या डॅडचं सोड. तू तेव्हा बाहेर आली नाहीस, मला ते आवडलं. आई, तुझा ओठ फाटला होता आणि मी गोल मारत होते. त्याला तेच आवडलं!"

"आली असतीस तर मीच तुला परत आत ढकललं असतं."

"खोटं बोलू नको."

"बरं. पण तू आली नाहीस ते मलाही आवडलं."

नोव्हेंबरात कॉलेजचे कागद आले. तिची सही आणि आई किंवा बाप, एकाची सही. हे म्हणाले, "तो आधी माझी माफी मागेल, मग सही." ती दोन दिवस मागे लागली. तिसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मी हात धुतले, कोरडे केले आणि सही केली. चौथीत शिकवली होती तीच, सुटी सुटी अक्षरं. मुलगी कागद घेऊन शाळेत पळाली आणि तिथूनच फॅक्स केला.

संध्याकाळी ह्यांना कळलं. मी ओट्यापाशी होते. ह्यांनी माझे केस धरून डोकं मागे खेचलं आणि दुसरा हात वर उचलला. तो खाली आलाच नाही. मुलीने मागून मनगट पकडलं होतं. चेहरा अगदी शांत होता तिचा. पाण्यात धरतात तसं धरलं होतं तिने, मारत नव्हती, पण सुटूही देत नव्हती.

"सोड," हे म्हणाले.

"आधी आईचे केस."

ह्यांनी केस सोडले. त्यांच्या बोटांचा रंग जायला लागला तरी तिने मनगट सोडलं नाही. हे खाली वाकायला लागले, मग एका गुडघ्यावर आले. त्यांच्या तोंडून असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

तिने माझ्याकडे बघितलं. "आई, सोडू?"

मी आधी माझे सुटलेले केस नीट बांधून घेतले.