निळ्या बादलीतलं रोप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि मी काही गोष्ट पोटात ठेवणारी बाई नव्हे, आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, इचलकरंजीत माग चालवून चालवून, त्या खडखडाटानं पार बहिरे झाले. सत्त्याण्णव साली आमच्याकडे कोल्हापूरला राहायला आले. ते बोलायचे, आम्ही पाटीवर लिहायचं. मग दिवस जायचा कसा? शाहूपुरीतून त्यांनी काचेची टाकी आणली, सहा मासे आणले, आणि पाण्यावर तरंगणारी झाडं — कोबीच्या बारक्या गड्ड्यांसारखी, खाली मुळं लोंबणारी. घरात नदीतलं केंदाळ आणलंय, म्हणून मी कुरकुरले. त्यांना कुठं ऐकू येतंय? झाडं मात्र भराभर वाढली. मामंजी रोज दोन बोटांनी जास्तीची काढायचे, आणि चेहरा कसा खुललेला असायचा.

त्यांची अट एकच — माशांची निळी बादली धुण्याला घ्यायची नाही. दहादा सांगितलं. दहादा सांगितलं म्हणूनच मला राग यायचा. एकदा नळ जायची वेळ झाली, बादल्या कमी पडल्या. मी त्याच बादलीत पावडर घालून कपडे भिजवले. नंतर विसळली? नाही. घाई होती म्हणू? घाई होतीच, पण — एवढं काय मेलं कौतुक, असं म्हणत मी ती तशीच जागेवर ठेवली. दुपारी मामंजींनी तिनंच टाकीत पाणी ओतलं. संध्याकाळी सहाच्या सहा मासे उलटे.

"पाला लई दाट झालता," ते म्हणाले. "माझ्यामुळं गुदमरलं. व्हय न्हवं?"

पाटी माझ्या हाताशी होती. मी काय लिहिलं? काहीच नाही. मान हलवली — व्हय म्हणून.

झाडं त्यांनी त्याच बादलीतून नेऊन उकिरड्यावर टाकली. टाकीत आम्ही कांदे ठेवायला लागलो. एक बारकं रोप तेवढं निळ्या बादलीला चिकटून राहिलेलं. मी ते गच्चीवरच्या पिंपात सोडलं — का, ते मलाही ठाऊक नाही. वाटलं, मरेल. मेलं नाही. उन्हाळ्यात पिवळं पडायचं, परत फुटायचं. आठ वर्षं झाली, पिंप भरलंय.

परवा माझ्या लेकीनं, सईनं, पाटीवर लिहिलं — आजोबा, मासे आणू या?

"नको बाळ. माझ्या हाताला मासं लाभत न्हाईत. मी मारल्यात एकदा."

सई बराच वेळ त्यांच्या हातांकडं बघत राहिली. मला ते सोसलं नाही.

आज मी कांदे काढले. टाकी धुतली, नुसत्या पाण्यानं. पिंपातली दोन रोपं आणून सोडली. जरा डुलली, मग मुळं मोकळी झाली आणि नीट तरंगायला लागली. बघून बरं वाटलं, खरंच. मग पाटी घेतली. 'मामंजी, मासे मी मारले. निळ्या बादलीत धुण्याची पावडर होती. मी मान हलवली ती खोटी.' पाटी काचेला टेकवून ठेवली.

मामंजी झोपेतून उठले. टाकीतली झाडं बघून थांबले, मग पाटी दिसली. चष्मा चाचपायला लागले, सापडेना.

मीच नेऊन दिला.