पाना दादाच्या हातात

त्या रविवारी सकाळी आमच्या बाथरूममध्ये जो स्फोट झाला, तो मी स्वतः, पूर्ण शुद्धीवर असताना, अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मदतीने घडवून आणला होता. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढे बरंच रक्त सांडणार आहे आणि त्यातलं पहिलं माझं आहे.

आम्ही चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. डोक्यावर गच्ची, गच्चीवर टाकी. टाकीच्या इतक्या जवळ राहतो म्हटल्यावर पाणी धो धो येत असेल, असं सगळ्या पाहुण्यांना वाटतं. आंघोळ करून बाहेर आले की वाटत नाही. आमच्या शॉवरमधून पाणी यायचं ते नव्या सासुरवाडीत दुसरी पोळी मागणाऱ्या जावयासारखं, अडखळत आणि इकडेतिकडे बघत. नळाखाली बादली लावून मी अख्खं वर्तमानपत्र वाचून काढायचो, हरवलेल्या माणसांच्या जाहिरातींसकट, तरी कडीपर्यंत पाणी यायचं नाही.

म्हणून मी पंप आणला. दुकानदाराने आमच्याकडे पाणी कसं येतं हे विचारलं नाही. मला माहीत नसल्यामुळे मीही सांगितलं नाही. कुठेही लावा, ओढणारच, असं तो म्हणाला. ही म्हणाली, भडकाला बोलवा. भडका हा आमच्या भागातला प्लंबर. त्याचं खरं नाव फक्त रेशनकार्डाला ठाऊक असावं. त्याचं काम उत्तम होतं, पण त्याने लोकांना मारल्याच्या गोष्टी त्याहून उत्तम होत्या, त्यामुळे मी घाबरून स्वतःच पाना-पक्कड हातात घेतली.

आमच्या बाथरूमच्या भिंतीलगत एक उभा लोखंडी पाईप आहे. तो टाकीतून निघतो, आमच्याकडे एक फाटा देतो आणि खाली तिसऱ्या मजल्यावर जिम चालवणाऱ्या शेजाऱ्यांकडे, म्हणजे आमच्या जिमवाल्यांकडे जातो, तिथून आणखी खाली. मी तो पाईप कापून नेमका त्याच्यावर पंप बसवला. बटण दाबलं. पुढची सात मिनिटं मी आयुष्यात पहिल्यांदा आंघोळ केली.

आठव्या मिनिटाला भिंतीतला एल्बो, पाईपाच्या वळणावरचा जोड, सुटला. म्हणजे गळला वगैरे नाही, सुटला. गोफणीतून दगड सुटतो तसा माझ्या कानाजवळून गेला आणि आरशातून आरपार होऊन दारावर आपटला. मागोमाग दोन फरशा उडाल्या. शॉवरचा दांडा मधोमध मोडून माझ्या भुवईवर आला आणि भुवई फुटली. काचेचे तुकडे, रक्त आणि साबण यांच्यात मी उघडा उभा होतो आणि पंप आपला इमानदारीने चालूच होता.

खाली जिमवाले तेव्हा तोंडाला साबण लावून उभे होते. त्यांच्या वाट्याचं पाणी माझा पंप वर ओढत होता. त्यांचा नळ नुसता घरघरला. त्यांनी चाचपडत दुसरा नळ सोडला, तोही घरघरला. मग वरून माझ्या आंघोळीचं पाणी ठिबकायला लागलं. त्यांच्या नळाला पाणी नव्हतं, छताला होतं.

ते आले तेव्हा कमरेला टॉवेल होता, एक डोळा मिटलेला होता आणि दाराची कडी त्यांच्याबरोबरच आत आली. चौकशी वगैरे त्यांनी केली नाही. पहिला ठोसा नाकावर बसला. नाकातून काहीतरी मोडल्याचा आवाज माझा मलाच ऐकू आला. दुसरा पोटात बसला. तिसरा निघाला होता, तेवढ्यात हिने स्टीलची बादली दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या डोक्यात घातली. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. आमच्या बत्तीस वर्षांच्या संसारात ती माझ्या बाजूने इतक्या स्पष्टपणे कधीच बोलली नव्हती. तिने बादली पुन्हा उगारली, तेव्हा जिमवाले एका हाताने डोकं आणि दुसऱ्याने टॉवेल धरून म्हणाले,

"वहिनी, आधी कॉक बंद करा, मग काय मारायचं ते मारा."

मग हिने कॉक बंद केला आणि भडकाला फोनही केला. मला आता कोणी काही विचारत नव्हतं.

दोन माणसं आली. पुढे एक किडकिडीत, रिकाम्या हातांचा माणूस, डाव्या हाताला तीनच बोटं. हा भडका. मागे एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ. दीड हात लांबीचा लोखंडी पाना त्यांनी तान्ह्या मुलासारखा कोपरात धरला होता. हे त्याचे थोरले भाऊ. त्यांना सगळे दादा म्हणतात.

या दोघांची हकीकत मला नंतरच्या चार दिवसांत, दादांच्या उजव्या बाजूला बसून, तुकड्यातुकड्याने कळली. पण ती इथेच सांगायला हवी, नाहीतर त्या दिवशी काय पणाला लागलं होतं ते कळणार नाही.

बाप प्लंबर. मुलांना काम शिकवायची त्याची एकच पद्धत होती. पाईपाला आटे तिरके पडले की कानाखाली, जॉइंट गळला की कमरेचा पट्टा, आणि हत्यार हरवलं तर हाताला लागेल ते. दादा मध्ये पडायचे आणि दोघांचा मार एकटे खायचे. धाकटा सोळा वर्षांचा झाला तेव्हा त्याने बापाच्या हातातला पाईप हिसकावून घेतला आणि त्याच पाईपाने बापाचं मनगट मोडलं.  महिन्याभराने बापाने प्लास्टरमधल्या हाताने हत्यारांची पिशवी धाकट्याकडे सरकवली. मुलगा पास झाला असं त्याला वाटलं असावं.

मग भडकाचा हात मोकळाच झाला. एका घरमालकाचे दोन दात पाडले. एका ठेकेदाराला त्याच्याच कोरड्या हौदात ढकललं, त्याची मांडी मोडली. एक गिऱ्हाईक म्हणालं की तुझा जॉइंट गळतो, तर त्याचं डोकं बादलीत बुडवून धरलं. जॉइंट गळत नव्हता, हे दादांनी मला दोनदा सांगितलं. पाण्यानेही त्याला सोडलं नाही. एका मोठ्या इमारतीत पंपाचं तोंड फुटून त्याच्या तीन बरगड्या आणि दोन बोटं गेली. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिली चौकशी बोटांची नाही, पंप कोणी बसवला याची केली. बसवणाऱ्याचं नशीब चांगलं, तो गाव सोडून गेला होता.

एकदा दादांनीच चूक केली. एका बंगलेवाल्याला त्यांनी रस्त्याखालच्या लाईनवरच थेट पंप बसवून दिला. बंगल्यात कारंजं उडायला लागलं आणि गल्लीतल्या चाळीस घरांचे नळ कोरडे पडले. वर त्या ओढीने फुटक्या पाईपातून गटाराचं पाणी आत आलं. गल्लीतली चार मुलं दवाखान्यात गेली, त्यातलं एक जेमतेम वाचलं. भडकाने भावाला गाठून सांगितलं, पंप आत्ताच्या आत्ता काढ. दादा म्हणाले, आपल्याला काय करायचंय. भडकाच्या हातात पाना होता. एकच वार, डाव्या कानावर.

"शिट्टी वाजली," दादा मला म्हणाले. "मग त्या बाजूचं जगच बंद झालं."

भडकाने भावाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवलं आणि तिथून तो स्वतःच्या पायांनी पोलीस चौकीत गेला. दोन वर्षं आत होता. सुटला तेव्हा दारात दादा उभे होते आणि त्यांच्या हातात तोच पाना होता. काम तू करायचं, पाना माझ्याकडे राहील, आणि पुन्हा माणसावर हात टाकलास तर मी तुझं घर सोडेन, असं त्यांनी तिथेच सांगितलं. घर सोडून जायला दादांना दुसरं घर नव्हतं, आणि भडकाला दुसरं माणूस नव्हतं.

याला अकरा वर्षं झाली. पाना लागला की भडका मागे न बघता हात पसरतो. दादा आधी त्याची मान बघतात. मान नेहमीसारखी असेल तर पाना देतात. लाल असेल तर ओलं फडकं देतात. तो निमूटपणे मान पुसतो आणि पुन्हा हात पसरतो.

तर भडका आमच्या बाथरूममध्ये आला, काचा पायाने बाजूला केल्या आणि माझ्या रक्तबंबाळ नाकाकडे दुर्लक्ष करून म्हणाला, "पाणी पडतं, येतं, का ढकलता?"

मला समजलं नाही. मग त्याने, मूर्खाला सांगावं तसं, पण सविस्तर सांगितलं. टाकीचं पाणी पडतं. त्याला जोर फक्त उंचीचा. टाकी जितकी वर तितका जोर, म्हणून वरच्या मजल्याला सगळ्यात कमी. तिथे टाकी उचलायची, पाईप जाड घ्यायचा, वळणं कमी करायची. पंप लावायचाच तर टाकीपासून आपली स्वतंत्र लाईन घ्यायची. रस्त्याचं पाणी येतं. त्याच्यावर पंप लावायचा नाही. कॉक पूर्ण उघडा आहे का बघायचं, गंजलेला पाईप बदलायचा, नळाची जाळी साफ करायची. आणि बंद प्रेशरटाकी असेल तर पाणी ढकललं जातं, तिथे आधी टाकीतली हवा तपासायची. हे न विचारता जो पंप विकतो, त्याचं काय करावं हेही तो सांगणार होता, पण त्याचा तळहात बोलता बोलता उभ्या पाईपावरून सरकत माझ्या पंपापाशी येऊन थांबला.

सगळ्यांच्या पाईपावर बसवलेला पंप. भडकाची मान लाल होत गेली. त्याने हात मागे पसरला. दादांनी ओलं फडकं दिलं.

तेवढ्यात जिमवाले परत आले. आता अंगावर कपडे होते आणि डोक्यावर बादलीचं टेंगूळ. हा पंप या दोघांनीच बसवला असणार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. दादा दाराकडे डावा कान करून उभे होते. हे तुम्ही बसवलंत का, असं जिमवाल्यांनी विचारलं. दादा गप्प. पुन्हा विचारलं. दादा भावाची मान बघत होते. जिमवाल्यांना तो माज वाटला. मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी हात फिरवला आणि तो बरोबर दादांच्या डाव्या कानावर बसला.

दादा बेसिनवर आदळले. बेसिनची कड तुटली, ओठ उभा फाटला आणि ते ओल्या फरशीवर, काचांमध्ये कोसळले. पाना मात्र हातातून सुटला नव्हता.

भडका वळला.  त्याने दादांकडे हात पसरला.

मान मीही बघितली. भाजलेल्या विटेसारखी झाली होती. फडकं भडकाच्या हातून निसटून दादांच्या गुडघ्यापाशीच पडलं होतं. त्यांनी ते बघितलं. ओठातून हनुवटीवर, हनुवटीवरून सदऱ्यावर रक्त पडत होतं. मग त्यांनी पाना उचलून भावाच्या हातात दिला.

जिमवाल्यांचे दंड माझ्या मांडीएवढे आहेत. ते भिंतीला चिकटले आणि त्यांना एकही दंड वर करता येईना. भडकाचा हात डोक्याच्या वर गेला. हिने डोळे मिटले. मला मिटता आले नाहीत.

पहिला घाव पंपाच्या पोटात बसला. ओतीव लोखंड तडकलं. दुसऱ्याने मोटरचं झाकण भिंतीत रुतलं. तिसरा, चौथा, पाचवा. एक तुकडा माझ्या नडगीवर येऊन बसला, त्याची खूण अजून आहे. तांब्याच्या तारा आतड्यांसारख्या बाहेर आल्या तरी तो थांबला नाही. नऊ घाव मी मोजले. मग त्याने पाना दादांच्या हातात परत ठेवला, त्यांना काखेत हात घालून उठवलं आणि ओल्या फडक्याने त्यांचा ओठ पुसला.  जिमवाल्यांकडे न बघताच तो म्हणाला, "उद्या सकाळी सातला तुमची पोरं घेऊन गच्चीवर या. टाकी उचलायची आहे."

ते पावणेसातला आले. रिकामी टाकी त्यांनी सहा पोरांच्या मदतीने चार फूट उंच लोखंडी स्टँडवर चढवली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या दंडांचा कोणाला उपयोग झाला. भडकाने आमच्यासाठी टाकीपासून स्वतंत्र आणि जाड लाईन खाली आणली, सात वळणांची तीन केली, आणि शॉवरच्या जाळीतून मूठभर खडे काढून माझ्या हातावर ठेवले. आता पाणी धो धो येत नाही, पण बादली भरते तेव्हा मी पहिल्याच पानावर असतो. जिमवाले चारही दिवस दादांची माफी मागत होते. नेमकी डाव्या कानाशी. दादा हसून मान हलवायचे.

शेवटच्या दिवशी हत्यारं आवरताना मी दादांना विचारलं, त्या दिवशी फडकं सोडून पाना का दिलात. त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला, प्रश्न पुन्हा ऐकून घेतला आणि म्हणाले, "अकरा वर्षं धरलाय. वजन आहे त्याला."

मग नाकावरच्या पट्टीआडून मी भडकाशी हुज्जत घातली. नवाकोरा पंप होता. खोलून बाजूला ठेवला असता तर आज गच्चीवर आमच्याच लाईनला बसला असता. चूक माझी होती, मारलं जिमवाल्यांनी, मग त्या बिचाऱ्या पंपाने काय केलं होतं?

त्याने दादांच्या हातातला पाना नीट आहे ना ते बघितलं, जिन्याची पहिली पायरी उतरला आणि म्हणाला,

"पंपाला कान नसतात."